पत्ता नसलेला निरोप

१

साहित्यविचाराला वाहिलेल्या नियतकालिकात संगणकप्रणालींविषयी लिहायचे, तर त्याचे प्रयोजन आधी सांगितले पाहिजे. गेली वीस वर्षे मी पदव्युत्तर वर्गांना साहित्यशास्त्र शिकवते आहे. शब्दशक्ती, संज्ञापनाची प्रारूपे, चिन्हमीमांसा, संहितेवरील वाचकाचा अधिकार हे विषय मी ज्या निःशंकपणे मांडत आले, ती निःशंकता २०२२ सालच्या श्रावणातील एका सोमवारी सकाळी ढळली. त्या सकाळी आम्हा तिघा सुशिक्षित भावंडांनी मोजक्या शब्दांचा एकच निरोप वाचला. प्रत्येकाने त्याचा आपापल्या परीने सुसंगत अर्थ लावला. आणि तिघांपैकी कोणीही जागचे उठले नाही. निरोप आमच्या आईविषयी होता.

तो निरोप कोणा माणसाने पाठवलेला नव्हता. तो एका यंत्राने 'प्रकाशित' केला होता. हा शब्द माझा नाही, त्या शास्त्राचाच आहे. ज्या व्यवहाराला आपण लेखन, प्रकाशन आणि वाचन म्हणतो, त्याची सगळी परिभाषा या शास्त्राने उचलली आहे. तेव्हा तिथे अर्थाचे काय झाले, हे पाहण्याचा अधिकार साहित्याच्या अभ्यासकालाही आहे, असे मला वाटते.

२

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे वडील टपालकचेरीत तारेचे काम पाहत. तार म्हणजे अशुभ, अशी त्या काळी खेड्यापाड्यांतून समजूतच होती. तारवाला दाराशी दिसला की कागद उघडण्याआधीच घरात रडे उमटे. मग कोणीतरी शिकलेला माणूस बोलावला जाई, तो मजकूर वाची, आणि पुष्कळदा निघे काय, तर मुलगा अमुक गाडीने येतो आहे एवढेच! अर्थ मजकुराच्या आधी येऊन पोचलेला असे. संज्ञापनात माध्यम स्वतःच अर्थ कसा वाहते, हे मला पुस्तकांच्या आधी आमच्या ओटीवर कळले.

तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून शुभेच्छांसाठी ठरीव वाक्यांची क्रमवार यादी असे. पाठवणाऱ्याने आकडा निवडायचा, तारेतून आकडा जायचा आणि पलीकडच्या कचेरीत त्याचे पुन्हा वाक्य व्हायचे. दोन्ही कचेऱ्यांत यादी एकच असल्याने हा व्यवहार बिनघोर चाले. संकेताची यादृच्छिकता आणि त्याची सामाजिकता यांचे याहून सोपे उदाहरण मला आजवर सापडलेले नाही. परंतु तारेचे आणखी एक लक्षण होते आणि त्याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. तारेवर एक नाव आणि एक पत्ता असे. ती त्या पत्त्यावर पोचती होई आणि घेणाऱ्याची सही होई. २०१३ सालच्या जुलैत आपल्याकडची तारसेवा बंद झाली. वडील ते पाहायला नव्हते.

ते गेल्यानंतर आई त्या घरात एकटी राहू लागली. दादा नागपूरला, ताई पुण्यात, मी विद्यापीठाच्या गावी. "मला तुमच्याकडे करमत नाही," हे तिचे उत्तर ठरलेले. अखेर ताईच्या मुलाने, जो पुण्यात याच विषयाचे काम करतो, स्वयंपाकघरात आणि माजघरात हालचाल टिपणाऱ्या दोन लहान डब्या बसवल्या. ठरावीक वेळेत हालचाल दिसली नाही की आम्हा सर्वांच्या फोनवर निरोप यावा, अशी ती योजना होती.

३

हे सारे कसे चालते, ते भाच्याने मला समजावले, तेव्हा त्याने उदाहरण घेतले तेही आमच्याच जगातले. "मावशी, तुमच्या त्रैमासिकासारखंच आहे बघ. तू लेख लिहितेस, तेव्हा वर्गणीदार कोण हे तुला माहीत नसतं. संपादकांकडे अंक जातो, पुढे तो कोण वाचतं, कधी वाचतं, तुला त्याच्याशी देणंघेणं नाही."

पूर्वीच्या प्रणालींत एक आज्ञावली दुसरीला नावाने हाक मारी आणि उत्तर येईपर्यंत थांबून राही. त्यामुळे एकीत बदल केला की दुसरी मोडे. अनेक ठिकाणी विखुरलेल्या मोठ्या प्रणालींना हे परवडणारे नव्हते. म्हणून सैल जोडणीची पद्धत आली. घटना घडली की तिची खबर मध्यस्थाकडे टाकायची. ज्यांनी त्या प्रकारच्या घटनांची वर्गणी भरली असेल त्यांना मध्यस्थ ती पोचवील. एखाद्या दुकानाच्या प्रणालीत 'मागणी नोंदली गेली' एवढीच खबर निघते. गोदामाला तिचा अर्थ 'माल बाजूला काढा' असा होतो, हिशेबखात्याला 'बिल करा' असा आणि वाहतूकवाल्याला 'गाडी तयार ठेवा' असा. खबर देणाऱ्याला या तिघांचे अस्तित्वही ठाऊक नसते. उद्या चौथा वर्गणीदार आला तरी मूळ आज्ञावलीत एक अक्षर बदलावे लागत नाही.

युग्स्टर, फेल्बर, गेराऊई आणि केर्मारेक या चौघांनी २००३ साली या पद्धतीचा जो आढावा घेतला, त्यात तिची तीन स्वातंत्र्ये सांगितली आहेत. पाठवणारा आणि घेणारा यांनी एकमेकांना ओळखण्याची गरज नाही, दोघे एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही, आणि एकाने दुसऱ्यासाठी काम थांबवण्याची गरज नाही. हे वाचताना मी थबकले. लेखक, संहिता आणि वाचक यांच्या संबंधाविषयी मी वर्गात जे सांगते, ते याहून वेगळे नाही. बार्थने १९६७ साली लेखकाचा मृत्यू घोषित केला, त्यामागेही हीच मुक्तता होती. संहिता सुटली, आता अर्थ वाचकाचा.

तथापि एक जोडणी या तिन्हींनंतरही उरते, ती अर्थाची. पाठवणाऱ्याने 'वीजवापर' म्हटले आणि घेणारा 'ऊर्जेचा खप' या शब्दाची वाट पाहत बसला, तर खबर पोचूनही पोचत नाही. शब्द एकच आणि अर्थ दोन, हा धोका तर त्याहून मोठा. नासाचे मंगळाभोवती फिरण्यासाठी पाठवलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले, ते यामुळेच. जमिनीवरील एका आज्ञावलीने यानाच्या लहान प्रज्वलनांतून मिळालेल्या आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत दिले, घेणाऱ्या आज्ञावलीने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. दोन एककांत जवळजवळ साडेचार पटींचे अंतर. आकडे बरोबर होते, वाहतूक निर्दोष होती, आणि यान ठरल्यापेक्षा फार खालून मंगळाच्या वातावरणात शिरले. शॅननने १९४८ साली संज्ञापनाचे गणित मांडताना अर्थाचा प्रश्न अभियांत्रिकीच्या कक्षेबाहेर ठेवला होता. तो बाहेर राहिला नाही.

४

त्या सोमवारी सकाळी सहा चाळीसला निरोप आला : 'स्वयंपाकघर, हालचाल नाही, १०० मिनिटे.' आई पाचला उठते आणि आधी चहा टाकते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत.

मी निरोप वाचला आणि श्रावणी सोमवार आठवला. आई पहाटेच महादेवाला गेली असणार, असा अर्थ मी लावला. दाराला तेव्हा काही बसवलेले नव्हते, त्यामुळे ती बाहेर गेली की घरातच आहे, हे डब्यांना कळण्याची सोय नव्हती. ताईने अर्थ लावला, वीज गेली असेल. आदल्या आठवड्यात दोनदा तसे झाले होते आणि यंत्राचे मौन आम्ही माणसाचे मौन समजून घाबरलो होतो. दादाला वाटले, गावाला सर्वांत जवळची मी, तेव्हा माझा फोन झालाच असणार. तिन्ही अर्थ संभाव्य होते, तिन्हींना पूर्वानुभवाचा आधार होता. परीक्षेत असे अर्थनिर्णयन लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी चांगले गुण दिले असते. साडेआठला माझा तास होता. मी तो घेतला.

आई पहाटे साडेचारला न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली होती. खुबा मोडला होता. समोर राहणाऱ्या काकू साडेनवाच्या सुमारास दारात आल्या, त्यांना आमच्या अंगणात सडा पडलेला दिसला नाही, रांगोळी दिसली नाही. श्रावणी सोमवारी बिनरांगोळीचे दार! त्या हातातले काम टाकून आल्या, मागच्या दाराने आत शिरल्या, आणि त्यांनी आईला पाहिले. पाच तास ती फरशीवर होती.

शस्त्रक्रिया झाली. आई आता चौकटीची काठी धरून घरात फिरते. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिने भाच्याला विचारले, "मी एवढ्या हाका मारल्या रे, तुझ्या त्या डबीला ऐकू येत नाही का?" तो काही बोलला नाही. मीही.

५

पुढच्या महिन्यात तो माझ्याकडे राहायला आला, ते एक वही घेऊन. त्याला यंत्र काढून टाकायचे नव्हते, निरोपात अर्थ घालायचा होता. "मावशी, अर्थाचं तू शिकवतेस ना? मग सांग, 'हालचाल नाही' याचे आजीच्या घरात किती अर्थ होतात?"

त्याच्या शास्त्रात या प्रश्नाला आजवर दिली गेलेली उत्तरे त्याने मला सांगितली. पहिले उत्तर, सर्वांनी एकच परिभाषा मान्य करावी. वडिलांच्या कचेरीतली क्रमवार यादी ती हीच. हे लहान घरात चालते, पण वर्गणीदार हजारो झाले की सर्वांची सहमती मिळवणे हीच एक घट्ट जोडणी होऊन बसते. दुसरे उत्तर, शब्दांमागील संकल्पनांचा आणि त्यांच्या परस्परसंबंधांचा आराखडा यंत्राला वाचता येईल अशा रूपात लिहून ठेवावा. महाजालाला अर्थ देण्याचा जो प्रकल्प बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली लोकांपुढे मांडला, त्याची भिस्त अशा आराखड्यांवर होती. तिसरे उत्तर आयर्लंडमधील गॉलवे येथील सूलेमान हसन आणि एडवर्ड करी यांचे, २०१४ च्या सुमाराचे. त्यांनी म्हटले, नेमक्या सहमतीचा आग्रह सोडावा. मोठ्या ग्रंथसंभारात कोणता शब्द कोणत्या शब्दांच्या सहवासात येतो, त्यावरून दोन शब्दांतील अर्थाची जवळीक अजमावता येते. त्या अजमासावर खबर आणि वर्गणी यांची जुळणी करावी. मात्र अजमास भरकटू नये म्हणून पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही सोबत विषयसूचक असे काही शब्द जोडावेत.

मी त्याला मराठीतले 'कळ' हे उदाहरण दिले. 'कळ' दाबलीही जाते आणि उठतेही. सोबत 'यंत्र' असा शब्द असेल तर एक अर्थ, 'दुखणे' असेल तर दुसरा. मग सैंधवाची जुनी गोष्ट सांगितली. जेवणाच्या पानावरून 'सैंधव आण' म्हटले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडात अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या गोष्टींची जी गणना केली आहे, तीत साहचर्य, विरोध, प्रकरण, जवळचा दुसरा शब्द, सामर्थ्य, औचित्य, देश, काल अशा गोष्टी येतात. भाचा वहीत लिहीत होता. "हे सगळं तर जोडता येईल," तो म्हणाला.

आम्ही दोघांनी बसून यादी केली. तिथी, वार, उपवास. वीज आहे की नाही. दार उघडले की नाही. दुपार की पहाट. माजघरातल्या डबीचे म्हणणे काय. आदल्या रात्री शेवटची हालचाल कुठे झाली. नवा निरोप लांबलचक झाला, पण त्या सोमवारी तो असता तर माझा महादेव आणि ताईची वीज दोन्ही टिकले नसते. दार बंद होते, वीज चालू होती. अर्थ घालण्याच्या या उद्योगाला मी कमी लेखत नाही.

६

तरीही माझे समाधान होत नव्हते, कारण दादाचा अर्थ उरतच होता. त्याने निरोप चुकीचा वाचला नव्हता. काहीतरी बिघडले आहे हे त्याने ओळखले होते. फक्त ते त्याला उद्देशून आहे, असे त्याला वाटले नाही. प्रकरण, देश, काल, साहचर्य यांची कितीही जोड दिली तरी ही उणीव कशी भरणार?

त्या दिवसांत मी वर्गात 'काव्यप्रकाशा'चा पाचवा उल्लास शिकवत होते. व्यंजना ही स्वतंत्र शक्ती मानली पाहिजे, हे सिद्ध करताना मम्मटाने जे उदाहरण घेतले आहे ते सर्वांच्या परिचयाचे आहे. 'सूर्य मावळला' हे एकच वाक्य, वाच्यार्थ सर्वांना एकच. परंतु ऐकणाऱ्यागणिक व्यंग्यार्थ निराळा. मी हे उदाहरण वर्षानुवर्षे अनेकार्थतेचे वैभव म्हणून सांगत आले. या वेळी ते सांगताना ध्यानात आले की 'सूर्य मावळला' हा शुद्ध घटना-संदेश आहे. आणि त्यातले श्रोते नुसता अर्थ लावून थांबत नाहीत. गुरे राखणारा गुरे घरी वळवतो, कामकरी काम आवरतात, कर्मठ सायंकर्माला लागतो, अभिसारिका निघते. प्रत्येकाला आपापले काम ठाऊक आहे, म्हणून प्रत्येकाला अर्थ कळतो. आम्ही तिघांनी अर्थ लावले. पण त्या निरोपाने आपल्यावर कोणते काम येते, हे आमच्यापैकी कोणाचेच ठरलेले नव्हते.

मीमांसकांमध्ये प्रभाकराचा जो आग्रह आहे, त्याकडे मी पूर्वी कर्मकांडाचा अवशेष म्हणून पाहत असे. शब्दांचा अर्थ कर्तव्याशी अन्वित होऊनच कळतो, असे तो मानतो. वडीलधाऱ्याने 'गाय आण' म्हणावे, दुसऱ्याने ती आणावी, आणि ते पाहणाऱ्या मुलाने त्यातून शब्द शिकावेत. नुसते वस्तुस्थिती सांगणारे वाक्यही अर्थ देऊ शकते, हे कुमारिलाचे म्हणणे मला अधिक आधुनिक वाटे. आज्ञावलीकारांतही हाच भेद आहे. 'हे कर' असे सांगणारा संदेश निराळा आणि 'असे घडले' एवढेच सांगणारी खबर निराळी. अशा खबरांचा समान साचा ठरवणाऱ्या 'क्लाउडइव्हेंट्स' या संकेताची पहिली पक्की आवृत्ती २०१९ साली आली. त्यात प्रत्येक खबरीवर तिची ओळख, उगम, प्रकार आणि संकेताची आवृत्ती हे लिहिणे आवश्यक केले आहे. घेणाऱ्यासाठी रकाना नाही, आणि तो विसरून राहिलेला नाही. घटना ही वस्तुस्थिती असते, तिला गंतव्य नसते, अशी त्यामागची भूमिका आहे. दुकानाच्या प्रणालीत ही भूमिका निर्वेध चालते, कारण तिथे 'मागणी नोंदली' या खबरीवर काय करायचे हे प्रत्येक वर्गणीदाराच्या आज्ञावलीत आधीच लिहिलेले असते. आमच्या घरात ते कोणी लिहिले नव्हते.

हे भाच्याला सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे शेवटी पाळ्याच लावायच्या." आता निरोपाच्या अखेरीस एक नाव येते. सोमवार-मंगळवार माझे, पुढचे दोन दिवस दादाचे, उरलेले ताईचे. ज्याचे नाव असेल त्याने दहा मिनिटांत फोन करायचा. केला नाही तर नाव बदलून निरोप पुन्हा निघतो. त्याच्या शास्त्राच्या दृष्टीने ही जोडणी पुन्हा घट्ट करणे आहे, आणि मोठ्या प्रणालीत असे केले तर लोक हसतील, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले.

मीही वर्गात एक बदल केला आहे. वाचकाच्या स्वातंत्र्याचे व्याख्यान मी अजून देते आणि ते मला पटतेही. पण त्यानंतर 'सूर्य मावळला' फळ्यावर लिहून मुलांना प्रत्येक श्रोत्यापुढे त्याचा अर्थ लिहायला सांगते, आणि मग विचारते : यानंतर तो काय करतो? बहुतेकांच्या वहीत हा रकाना कोरा असतो. माझ्या वहीत तो वीस वर्षे कोराच होता.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे गावी जमलो होतो. काकू फराळ घेऊन आल्या, तेव्हा भाच्याने त्यांचाही फोन मागितला. निरोप त्यांनाही जावा, म्हणजे जवळचे कोणी असेल, असे त्याचे म्हणणे. काकूंनी फोन कमरेला खोचून ठेवला. "मला रे कशाला निरोप?" त्या म्हणाल्या. "मला दार दिसतं." आई आतून म्हणाली, "मग उद्यापासून रांगोळी तूच काढ हो, मला वाकता येत नाही." काकू काढतात. त्यामुळे आता आमच्या दारची रांगोळी आईविषयी काहीच सांगत नाही. म्हणून रांगोळी झाली की त्या हाक मारतात, आणि आतून ओ आल्याशिवाय परत फिरत नाहीत.